किडनीचं स्क्रीनिंग: आपण सोनोग्राफीचं शिबिर का घेतलं नाही

गेल्या वेळी आपण घराच्या रिफायनान्सबद्दल बोललो, तेव्हा दोघातिघांनी कळवलं होतं की पुढचा विषय जरा हलका घ्या. ते आज जमत नाहीये. आजचा विषय आहे किडनीचा कॅन्सर आणि त्याचं स्क्रीनिंग. स्क्रीनिंग म्हणजे काहीही त्रास होत नसताना, आत काही लपून बसलेलं नाही ना, एवढंच बघण्यासाठी केलेली तपासणी.

मी डॉक्टर नाही. आयटीत कन्सल्टिंग करतो, एमबीए केलंय, आणि माझा वैद्यकीय अनुभव म्हणजे मुलांना ताप आला की टायलेनॉल देणं. तरी हा विषय माझ्याकडे आला, त्याला कारण आपलं मंडळ. इथे न्यू जर्सीत आमच्यातला एक मित्र गेल्या वर्षी किडनीच्या कॅन्सरने गेला. वय ४५. गणपतीच्या आरतीला झांजा त्याच्याच हातात असायच्या. तो गेल्यानंतरच्या पहिल्या कमिटी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, त्याच्या आठवणीसाठी काहीतरी करू या. दुसऱ्याने लगेच सुचवलं, किडनीच्या सोनोग्राफीचं शिबिर. मशीन भाड्याने मिळतं, मंडळात दोन सोनोग्राफी टेक्निशियन आहेत, शाळेचा हॉल आपल्याकडे असतोच आणि गणपतीच्या शनिवारी तीनशे माणसं जेवायला येतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. "तू एमबीए ना, मग प्लॅन तू कर," म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

दीड महिना वाचत होतो. मंडळातल्या एक फॅमिली फिजिशियन ताई आणि एक युरॉलॉजिस्ट काका, दोघांनाही भरपूर छळलं. आजची ही स्क्रिप्टही त्यांनी वाचून दिलीय. आणि दीड महिन्यानंतर मी कमिटीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो की हे शिबिर आपण घेऊ नये.

समोर वहिनी बसल्या होत्या, त्याची बायको. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, त्याच्या वेळी असं शिबिर असतं तर?"

या प्रश्नाला टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगतो. वहिनींची परवानगी घेतली आहे. आजार कळायच्या आठ महिने आधी, सप्टेंबरातल्या एका सकाळी त्याला लघवी लाल झाली. दुखलं काहीच नाही. संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत. दुसऱ्या दिवशी तो जवळच्या अर्जंट केअरमध्ये गेला. तिथे लघवी तपासली, रक्त दिसलं, बहुधा छोटा मुतखडा असेल किंवा इन्फेक्शन, असं सांगून अँटिबायोटिक दिलं आणि नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा असं कागदावर लिहून दिलं. त्याच्या घरात मुतखडा वडिलांना होता, काकांना होता. त्यामुळे त्यालाही ते पटलं. मग ऑफिसची धावपळ, मग दिवाळीला भारतात. लाल लघवी परत झालीच नाही. मे महिन्यात खोकला थांबेना आणि वजन उतरलं म्हणून छातीचा स्कॅन केला, तेव्हा कॅन्सर किडनीतून फुप्फुसात पोचलेला होता.

सप्टेंबरातच कळलं असतं तर तो आज असता, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण ती सकाळ लक्षात ठेवा. आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता आजाराकडे बघू. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ८० हजार लोकांना किडनीचा कॅन्सर निघतो आणि सुमारे १४ हजार माणसं त्याने जातात. पुरुषांत बायकांच्या जवळपास दुप्पट. निदान होतं तेव्हाचं सरासरी वय ६५ च्या आसपास, म्हणजे आपला मित्र अपवादच. गाठ किडनीपुरती असताना सापडली तर पाच वर्षांनंतर हयात असण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. दूरच्या अवयवांत पसरल्यावर तेच २० टक्क्यांच्या खाली येतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही वाटेल, मग लवकर शोधा की! अडलंय कुठे? मलाही पहिला आठवडा असंच वाटत होतं. माझी स्प्रेडशीट तयार होती.

अडतं ते पुढच्या हिशोबात. काही त्रास नसलेल्या लोकांची पोटाची सोनोग्राफी करून किती जणांना किडनीचा कॅन्सर सापडतो, याचे जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आहेत. साधारण हजारात एक, आणि आशियातल्या लोकांत त्याहून कमी. आपल्या शिबिरात तीनशे जण. म्हणजे तीन वर्षं ओळीने शिबिर घेतलं, दर वर्षी नवीन माणसं आणली, तर सरासरी एखादा सापडेल. आता समजा, शंभरातल्या फक्त दोघांच्या सोनोग्राफीत काहीतरी शंकास्पद दिसलं. दर शिबिरात सहा. तीन वर्षांत अठरा. अठरा घरांत त्या रात्री जेवण उतरणार नाही, त्यातल्या एका घराला त्याचा उपयोग होईल. तोही होईलच असं नाही, कारण सोनोग्राफीला मोठ्या गाठी चांगल्या दिसतात, पण तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी बऱ्याचदा निसटतात. ज्या वयात पकडायच्या, त्याच निसटतात.

तुमच्यापैकी जे सर्व्हर सांभाळतात त्यांना हे लगेच कळेल. आमच्या एका प्रोजेक्टवर कुणीतरी अलर्टची मर्यादा इतकी खाली आणली होती की रात्रभर फोन वाजायचा. दोन आठवड्यांत सगळ्यांनी फोन उशीखाली दाबायला सुरुवात केली. आणि मग खरा सर्व्हर पडला, तेव्हाही फोन उशीखालीच होता. असो.

उरलेल्या सतरांचं पुढे काय होतं? सीटी किंवा एमआरआय. अमेरिकेत कायद्याने फुकट मिळणाऱ्या प्रतिबंधक तपासण्या कोणत्या, हे एक सरकारी तज्ज्ञगट ज्यांना वरचा दर्जा देतो त्यावर ठरतं. किडनीचं स्क्रीनिंग त्या यादीत नाही. म्हणजे पुढचं सगळं तुमच्या डिडक्टिबलमधून. पण पैसे हा माझ्या दृष्टीने दुय्यम मुद्दा आहे. युरॉलॉजिस्ट काकांनी जे सांगितलं त्याने मी खरा गप्प झालो.

ते म्हणाले, किडनीतली चार सेंटिमीटरपेक्षा लहान घट्ट गाठ काढून तपासली, तर साधारण पाचातली एक कॅन्सर नसतेच. काही नुसत्या चरबीच्या आणि रक्तवाहिन्यांच्या गाठी, काही ऑन्कोसायटोमा नावाच्या निरुपद्रवी गाठी. स्कॅनवर प्रत्येक वेळी फरक कळत नाही. ज्या खरंच कॅन्सरच्या असतात, त्यातल्याही बऱ्याच अत्यंत सावकाश वाढतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. सत्तरीतल्या माणसाच्या किडनीत दीड सेंटिमीटरची अशी गाठ असेल, तर तो बहुधा हृदयाच्या किंवा दुसऱ्या कशाच्या तरी आजाराने जाईल आणि गाठ होती हे त्याला कधी कळणारही नाही. म्हणून आता अशा गाठींना लगेच हात न लावता सहा महिन्यांनी, वर्षाने स्कॅन करत लक्ष ठेवतात. हे वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य आहे. पण "तुमच्या किडनीत गाठ आहे, कॅन्सर असेलही, आपण वाट बघू" हे वाक्य ऐकून घरी आलेला मराठी माणूस वाट बघतो का? तो पुण्याला मावसभावाला फोन करतो, तिसरं मत घेतो, चौथं घेतो आणि शेवटी म्हणतो, "काढून टाका एकदाचं." ऑपरेशन म्हटलं की रक्तस्राव आला, भूल आली, किडनीचा तुकडा किंवा कधीकधी पूर्ण किडनी आली. उरलेल्या आयुष्यात किडनीचं काम कमी पडण्याचा धोका आला. जी गाठ कधीच त्रास देणार नव्हती, तिच्यासाठी.

"पण स्कॅनमध्ये लवकर सापडलेले लोक जास्त जगतात, हे तर आकडेच सांगतात," असं तुम्ही म्हणाल. कमिटीतही एकाने म्हटलं. त्याला मी डेक्कन क्वीन सांगितली. एकजण पुण्याला गाडीत चढला, दुसरा लोणावळ्याला. दोघंही मुंबईला एकाच वेळी उतरले. पहिल्याचा प्रवास जास्त वेळ चालला, म्हणून तो काही उशिरा पोचला नाही. निदान लवकर झालं तर "निदानानंतर जगलेली वर्षं" आपोआप जास्त दिसतात. स्क्रीनिंगने मरण खरंच पुढे ढकललं का, हे बघायचं तर एका गटाची तपासणी करायची, दुसऱ्याची नाही, आणि दोन्ही गटांत मृत्यू किती झाले ते मोजायचं. स्तनाच्या, मोठ्या आतड्याच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी तसे मोठे अभ्यास झाले आहेत. किडनीसाठी आजवर झालेला नाही.

उलट काय होऊ शकतं, ते दक्षिण कोरियाने दाखवलं. तिथे नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारने कॅन्सर तपासणीची मोहीम काढली आणि जोडीला थोड्या पैशांत गळ्याची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरापट झालं. मृत्यूंचा आकडा मात्र जिथल्या तिथे राहिला. हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि ते जन्मभराच्या गोळीवर गेले. अमेरिकेत किडनीचंही याच्या थोडं जवळ जाणारं चित्र आहे. निम्म्याहून अधिक किडनी कॅन्सर आज दुसऱ्याच कशासाठी, पित्ताशयासाठी किंवा पाठदुखीसाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडतात. छोट्या गाठी सापडण्याचं प्रमाण गेली कित्येक वर्षं वाढत गेलं, मृत्यूंचं प्रमाण त्या मानाने उतरलं नाही.

याचा अर्थ हा विषय कायमचा बंद झाला असं नाही. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये एक चांगला प्रयोग झाला. ५५ ते ८० वयाच्या, सिगरेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या लोकांना फुप्फुसाच्या स्कॅनसाठी बोलावलं होतंच. त्यांना विचारलं, त्याच बैठकीत पोटाचाही स्कॅन करू का? सुमारे चार हजार लोकांनी हो म्हटलं. त्यातल्या दहा जणांना किडनीचा कॅन्सर निघाला. म्हणजे चारशेत एक, तोही जास्त धोक्याच्या गटात. असा स्कॅन करता येतो आणि लोक येतात, एवढं त्यातून सिद्ध झालं. त्याने जीव वाचतात का, हे त्या प्रयोगात मोजायचंच नव्हतं. रक्ताच्या किंवा लघवीच्या थेंबावरून किडनीचा कॅन्सर ओळखण्याचं संशोधनही चालू आहे, पण सर्वसामान्यांनी करून घ्यावी अशी चाचणी अजून तयार नाही. कुणी जाहिरात करत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

जाहिरातीवरून आठवलं. हल्ली पूर्ण शरीराच्या एमआरआयच्या जाहिराती आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात. अडीच हजार डॉलरच्या आसपास, एका तासात डोक्यापासून खालपर्यंत. त्रास नसलेल्या माणसाने असा स्कॅन करावा असं सुचवण्याइतका पुरावा नाही, असं इथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने, २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. ज्यांचा धंदा स्कॅन करण्याचा, तेच हे सांगतात, हे मला जास्त बोलकं वाटलं.

आपली स्वतःची गंमत तर वेगळीच. डिसेंबरात पुण्या-मुंबईला गेलं की आईबाबांबरोबर आपणही "फुल बॉडी पॅकेज" करून येतो. स्वस्त पडतं, सकाळी उपाशी गेलं की दुपारी रिपोर्ट हातात. त्यात पोटाची सोनोग्राफी असतेच. मग विमानात बसायच्या आदल्या दिवशी रिपोर्टात "डाव्या किडनीत सिम्पल सिस्ट" हे शब्द दिसतात आणि तोंडचं पाणी पळतं. गेल्या जानेवारीत अशा तीन फॅमिलींचे फोन मलाच आले, जणू मी किडनीतज्ज्ञ! तर ऐका. सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी. साधी, पातळ भिंतीची, आत फक्त पाणी असलेली सिस्ट पन्नाशीनंतर खूप लोकांत दिसते आणि तिचं काहीही करायचं नसतं. मॉर्टन बॉस्नियाक नावाच्या रेडिओलॉजिस्टांनी १९८६ मध्ये अशा पिशव्यांची एक वर्गवारी दिली, ती आजही सुधारून वापरतात. पहिला आणि दुसरा वर्ग निर्धास्त. दुसऱ्यातलाच एक प्रकार पुढे नजर ठेवण्याचा. तिसऱ्या आणि चौथ्या वर्गात पडदे जाड असतात किंवा आत घट्ट भाग असतो, तिथे युरॉलॉजिस्टकडे जावंच लागतं. तेव्हा रिपोर्ट हातात आला की "सिस्ट आहे का?" हे विचारून थांबू नका, "साधी आहे की गुंतागुंतीची?" हे विचारा.

आणि त्याच पॅकेजमधली दुसरी फसवी ओळ म्हणजे "क्रिएटिनिन नॉर्मल". "माझी किडनी फंक्शन टेस्ट दरवर्षी चांगली येते, मला कशाला किडनीचा कॅन्सर होतोय," असं मी निदान पाच जणांकडून ऐकलं. क्रिएटिनिन सांगतं की दोन्ही किडन्या मिळून रक्त नीट गाळतात की नाही. एका किडनीच्या एका टोकाला लिंबाएवढी गाठ असली तरी उरलेला भाग आणि दुसरी किडनी काम निभावून नेतात. आपल्या मित्राचं क्रिएटिनिन शेवटच्या तीन महिन्यांपर्यंत नॉर्मल होतं.

मग कुणीच तपासणी करायची नाही का? करायची. पण कुणी, हे फार नेमकं आहे.

किडनीच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत पाच ते आठ जणांचा कॅन्सर घराण्यातून आलेल्या एका जनुकदोषामुळे असतो. या दोषांची नावं अवघड आहेत. सगळ्यात माहितीतला वॉन हिपेल-लिंडाऊ. याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. पेशींना ऑक्सिजन कमी पडला हे कसं कळतं, या कोड्याची एक किल्ली त्याच जनुकात निघाली आणि त्या कोड्याच्या उलगड्यासाठी तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. या दोषात डोळ्यात, मेंदूत, मणक्यातही गाठी होतात. दुसरा बर्ट-हॉग-डुबे. यात चेहऱ्यावर बारीक पांढुरके उंचवटे येतात आणि फुप्फुसातून हवा गळण्याचा प्रसंग येऊ शकतो. तिसऱ्यात बायकांना खूप तरुण वयात गर्भाशयात मोठे फायब्रॉइड होतात आणि त्वचेवर दुखऱ्या गाठी येतात. फायब्रॉइड आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. ते घरातल्या किडनीच्या कॅन्सरबरोबर आले तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा.

या घराण्यांत स्क्रीनिंगचा सगळा हिशोब उलटा होतो, कारण इथे हजारात एक सापडत नाही, कितीतरी जास्त सापडतात. आईवडिलांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. वॉन हिपेल-लिंडाऊमध्ये साधारण पंधराव्या वर्षापासून ठरावीक अंतराने पोटाचा एमआरआय करतात आणि गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत पोचेतो सहसा ऑपरेशन करत नाहीत, म्हणजे किडनी जितकी वाचवता येईल तितकी वाचते. २०२१ पासून त्यासाठी एक गोळीही इथे मान्य झाली आहे. फायब्रॉइडवाल्या तिसऱ्या प्रकारात उलट नियम आहे. ती गाठ लहान असतानाच पसरते, म्हणून आठव्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि गाठ दिसली की थांबायचं नाही.

तुमचं घर यात आहे का, हे कसं ओळखायचं? घरात कुणाला ४६ वर्षांच्या आत किडनीचा कॅन्सर झाला, किंवा दोन्ही किडन्यांत झाला, किंवा एकाच किडनीत अनेक गाठी निघाल्या, किंवा जवळच्या नात्यात एकापेक्षा जास्त जणांना झाला, तर त्या रुग्णाने जनुक-सल्लागाराला भेटावं. आधी रुग्णाची चाचणी, मग नातेवाइकांची. रुग्ण हयात नसेल तर भावाबहिणींपासून सुरुवात होते.

इथे माझ्यातला एमबीए दोन मिनिटं बोलणार. जनुक चाचणीच्या निकालावरून आरोग्य विमा नाकारणं किंवा नोकरीत भेदभाव करणं याला अमेरिकेत २००८ च्या कायद्याने बंदी आहे. पण त्या कायद्यात जीवन विमा येत नाही, डिसॅबिलिटी विमा येत नाही, म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा येत नाही, आणि पंधरापेक्षा कमी माणसांच्या कंपनीत नोकरीचं संरक्षणही येत नाही. आपल्यातले कितीतरी जण दहा माणसांच्या कन्सल्टिंग कंपनीत आहेत. म्हणून टर्म इन्शुरन्स घ्यायचा असेल तर तो चाचणीआधी मार्गी लावा. चाचणी मात्र त्यासाठी वर्षभर लांबवू नका.

जनुकदोषाखेरीज आणखी एक गट म्हणजे कित्येक वर्षं डायलिसिसवर असलेले लोक. त्यांच्या आटलेल्या किडन्यांत पिशव्या होतात आणि त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो. ट्रान्सप्लांटच्या रांगेत असलेल्यांचे स्कॅन म्हणूनच होतात. ही सगळी माणसं वगळली तर उरलो तुम्ही आणि मी. आपल्याला धोका वाढवणाऱ्या गोष्टी तीन: तंबाखू, लठ्ठपणा आणि ब्लड प्रेशर. यांच्यासाठी सोनोग्राफीचं मशीन लागत नाही.

आता त्या सकाळीकडे येऊ. लघवीत डोळ्यांना दिसणारं रक्त आलं, की तो स्क्रीनिंगचा विषयच राहत नाही. ती तक्रार आहे, आणि तिचा पूर्ण शोध घ्यायचा असतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दोन गोष्टी एकाच कागदात सांगितल्या. काही त्रास नसलेल्या माणसाची कॅन्सर शोधायला म्हणून लघवी तपासू नका. आणि डोळ्यांना रक्त दिसलं असेल, ते एकदाच दिसून थांबलं असलं तरी, युरॉलॉजिस्टकडे पाठवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरीही. इंग्लंडातून ऐकणाऱ्यांसाठी, तिथला नियम असा की वय ४५ किंवा जास्त असेल, इन्फेक्शन नसताना असं रक्त दिसलं किंवा इन्फेक्शनचा उपचार होऊनही परत आलं, तर तुमच्या जीपीने तातडीच्या कॅन्सर मार्गाने पुढे पाठवायचं.

बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. खडा, इन्फेक्शन, प्रोस्टेट. कधी तर आदल्या रात्रीची बिटाची कोशिंबीर! पण "आमच्या घरात मुतखडा आहेच" हे निदान नव्हे. खडा आहे असं कुणी म्हणालं, तर तो स्कॅनमध्ये दिसला का, एवढं विचारा. मूत्रपिंडाची कळ माणसाला जमिनीवर लोळवते. काहीच न दुखता आलेलं रक्त अधिक गांभीर्याने घ्यायचं असतं. बायकांच्या बाबतीत तर पाळी किंवा युरिन इन्फेक्शन म्हणून दोन-दोन कोर्स होतात आणि महिने जातात. इन्फेक्शन म्हटलं तर कल्चरमध्ये जंतू वाढले का, हेही विचारा. आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा ही गोष्ट हमखास लपवतात, "तुमचा खर्च कशाला" म्हणून. व्हिजिटर इन्शुरन्सच्या अटी आधी वाचून ठेवा, आणि त्यांना सरळ विचारा. लाजण्यासारखा प्रश्न आहे, पण विचारा.

तर वहिनींच्या प्रश्नाचं मी काय उत्तर दिलं? म्हणालो, "वहिनी, शिबिर असतं तर कदाचित त्याची गाठ दिसली असती. नाही म्हणता येत नाही. पण त्याच्यासारखा एक सापडायला किती जणांना आपण विनाकारण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेऊ, ते मला मांडता येतं. आणि त्याला सप्टेंबरात खूण मिळाली होती." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग तेच सांगा सगळ्यांना."

शिबिर रद्द झालं. गणपतीत सोनोग्राफीच्या जागी ब्लड प्रेशरचं टेबल लागलं, आणि पुरुषांच्या व बायकांच्या दोन्ही बाथरूमच्या दारांच्या आत वहिनींनी स्वतः लिहिलेला कागद चिकटवला. लाल लघवी एकदाही झाली असेल तर काय करायचं, चार ओळी. टेबलावर बसलेल्या फिजिशियन ताई पन्नाशीच्या प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारत होत्या: कोलोनोस्कोपी झाली का? ती ४५ नंतर करायची असते, तिने जीव वाचतात हे सिद्ध झालंय, इन्शुरन्समध्ये फुकट आहे, आणि आपल्यातले निम्मे लोक ती टाळत बसलेत. किडनी स्कॅन करा म्हणून मागे लागलेल्या आमच्या एका कमिटी मेंबरचीही राहिली होती. नाव सांगत नाही, तो आत्ता ऐकतोय.

एक काम मात्र राहिलं होतं. मित्राला ४४ व्या वर्षी निदान झालं, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ थेट त्या ४६ च्या नियमात येतो, आणि दोन्ही मुलंही. भावाने मागच्या महिन्यात जनुक-सल्लागाराची वेळ घेतली. त्यांनी घराण्याचा एक फॉर्म पाठवला: कोण, कशाने, कितव्या वर्षी. वडील हार्ट अटॅकने गेलेले, त्यांच्या आधीचं भावाला काहीच माहीत नाही. शेवटी आम्ही दोघांनी मिळून कऱ्हाडला आत्याला फोन लावला. वय ७८, ऐकू कमी येतं. आजोबा कशाने गेले, असं तीनदा मोठ्याने विचारलं.

"आप्पा? पोटात गाठ होती. कुशीत हाताला लागायची," आत्या म्हणाली. "लघवीतनं रक्त जायचं. खडा आहे म्हणायचे सगळे."

"वय काय होतं त्यांचं, आत्या?"

वय तिला सांगता येईना. मग म्हणाली, कोयनेचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी गेले, आणि भूकंप झाला तेव्हा आईने त्यांची चाळिशी नुकतीच केली होती. भूकंप डिसेंबर १९६७ चा. भावाने फॉर्मवर आजोबांच्या ओळीत ४१ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि आजाराच्या रकान्यात आत्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. येत्या गुरुवारी त्याची अपॉइंटमेंट आहे.